गोळी घेतली की नाही? गजर, डबा आणि कुलपाचं यंत्र

गोळी घ्यायची राहून जाते, ते एक वेळ सावरता येतं. मला जास्त धास्ती असते ती घेतलेली गोळी न आठवून पुन्हा घेतली जाण्याची. रक्त पातळ करणारी वॉरफरिन दुबार गेली तर रक्तस्राव होऊ शकतो, इन्सुलिन दुबार गेलं तर साखर झपाट्याने उतरते. म्हणून कुठलंही साधन घेताना मी आधी बघते, ‘घेतली का?’ याचं उत्तर ते देतं का.

मोबाइलचा गजर ते देत नाही. आईने गजर बंद केला, पाणी आणायला उठली, तेवढ्यात दाराची बेल वाजली. परत येईपर्यंत गजर आणि गोळी दोन्ही डोक्यातून गेलेलं. गोळी गिळल्यावरच गजर बंद करायचा, हे ज्याला जमतं त्याला तो पुरतो.

वारांचा डबा हे उत्तर देतो. दिवसातून चार वेळा औषध असेल तर 28 खान्यांचा घ्यावा. मंगळवार सकाळचं झाकण उघडलं, आत काही नाही, म्हणजे घेतली. आठवायची गरजच नाही. पण डबा हाक मारत नाही आणि आज मंगळवार आहे हेही सांगत नाही, तेव्हा शेजारी वार दाखवणारं घड्याळ हवं. भरताना चूक झाली तर ती आठवडाभर पोटात जाते, म्हणून चिठ्ठी समोर ठेवूनच भरावा. डॅबिगॅट्रान, हेही रक्त पातळ करणारं औषध, त्यात काढून ठेवू नये, दमटपणाने खराब होते. संधिवातासाठीची मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच असते. रोज घेतली गेली तर जिवावर बेतते. ती दुसऱ्या कोणीतरी हातात द्यावी हे बरं.

कुलपाचं यंत्र वेळेवर वाजतं, तेवढाच डोस बाहेर देतं, बाकीचा आत बंद. महाग असतं, आणि बाहेर आलेली गोळी गिळली की टेबलावरच राहिली, हे त्याला कळत नाही.

नुकतंच विसरायला होत असेल तर डबा आणि गजर जोडीनेच वापरा, डबा रोज हात जाईल अशा जागी ठेवून. उद्याचा खाना आजच रिकामा दिसू लागला, तर मात्र यंत्र घ्या किंवा औषध देण्याचं काम घरातल्या माणसाने हातात घ्यावं. त्याआधी डॉक्टरांना विचारा, चार वेळांच्या दोन करता येतील का. कित्येकदा येतात. आणि घेतली की नाही अशी शंका आली, तर मनाने दुसरी घेण्याआधी त्यांना फोन करा.