किक-नेट: वरची नोंद, खालची नोंद
भूकंपात माती कशी वागते हे शिकायला जपानच्या किक-नेट या भूकंपनोंद जाळ्याइतकी चांगली सेवा मी वापरलेली नाही. सुमारे 700 केंद्रं. प्रत्येक ठिकाणी एक त्वरणमापक (हादऱ्याचं त्वरण नोंदणारं यंत्र) जमिनीवर, दुसरा खाली बोअरहोलमध्ये, बहुतेक ठिकाणी 100 मीटर किंवा त्याहून खोल. वरच्या नोंदीच्या वर्णपटाला (कोणत्या वारंवारतेला हादरा किती, ते दाखवणारा आलेख) खालच्याने भागलं की मधल्या थरांनी कोणत्या वारंवारता वाढवल्या ते दिसतं. 2011 च्या तोहोकू भूकंपाच्या नोंदी त्याच केंद्रावरच्या लहान धक्क्यांशेजारी ठेवून बघाच! मऊ माती जोरदार हादऱ्यात आणखी मऊ पडते, आणि या भागाकाराचं शिखर कमी वारंवारतेकडे सरकतं. थरांतले भूकंपलाटांचे वेगही मिळतात, नोंदणी मोफत. फक्त खालच्या नोंदीला निव्वळ खडकाची नोंद समजू नका. पृष्ठभागावरून परतलेल्या लाटा तिच्यात मिसळलेल्या असतात.