इडिटारॉडचा हंगाम घरबसल्या: 'इनसायडर' घ्यावा का, आणि केनेलची वर्गणी भरावी का?

अलास्कातली इडिटारॉड ही स्लेज (बर्फावरची घसरगाडी) ओढणाऱ्या कुत्र्यांची शर्यत मार्चच्या पहिल्या शनिवारी सुरू होते. फेब्रुवारी लागला की ओळखीतलं कुणी ना कुणी विचारतंच, "डॉक्टर, ते इनसायडरचं सबस्क्रिप्शन घेऊ का?" इनसायडर म्हणजे शर्यतीच्या संकेतस्थळावरची पैसे भरून घ्यायची सेवा; संघ नकाशावर कुठे आहेत ते दाखवणारा ट्रॅकर तिच्यातच मिळतो. घ्या. पण नुसतं तेवढंच घेतलंत तर नकाशावर सरकणारे ठिपके बघाल आणि तिसऱ्या दिवशी कंटाळाल. आधी एखाद्या केनेलचे (स्लेजची कुत्री जिथे पाळून तयार करतात त्या जागेचे) सभासद व्हा, सप्टेंबरपासून त्यांची कुत्री नावानिशी ओळखीची होऊ द्या आणि मग मार्चमध्ये ट्रॅकर उघडा. दोन्ही मिळून जे हाती लागतं ते पैशांच्या कितीतरी पुढचं आहे.

मी राजगुरुनगरला पशुवैद्य आहे. सकाळी गोठे, संध्याकाळी दवाखान्यात कुत्री-मांजरं. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१मध्ये बैलगाडा शर्यतींना सशर्त परवानगी दिल्यापासून शर्यतीआधी बैल तपासून दाखला देण्याचं कामही करते. आमच्या घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, बारी (एका गाड्याची धाव) अकरा-बारा सेकंदांत संपते. बैल दमला का, पाय चोरतोय का, हे पळताना पाहायला सवडच मिळत नाही. इडिटारॉडमध्ये तेच पाहायला साधारण १६०० किलोमीटर आणि नऊ-दहा दिवस मिळतात. कुत्री कशी धावली, किती झोपली, पुढ्यातलं खाणं संपवलं का, याकडे माझं पहिलं लक्ष असतं. पहिला कोण आला ते नंतर. हे परीक्षण त्याच नजरेने लिहिलेलं आहे.

आधी फुकटात काय मिळतं ते सांगते. शर्यतीच्या संकेतस्थळावर क्रमवारीचा तक्ता सगळ्यांना खुला असतो. प्रत्येक चेकपॉइंटला (वाटेवरच्या ठरलेल्या ठाण्याला) संघ कधी पोहोचला, कधी निघाला, किती कुत्र्यांनिशी पोहोचला आणि किती घेऊन निघाला, हे सगळं त्यात असतं. शर्यत जिथे संपते त्या नोम गावातल्या केनॉम रेडिओच्या बातम्या इंटरनेटवर वाचता-ऐकता येतात. जानेवारीत बेथेल गावी कस्कोक्विम ३०० ही शर्यत होते, तिचं वर्णन तिथलं केवायुके रेडिओ केंद्र करतं. यूपिक या तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेत बोलणारे निवेदक ऐकायचे असतील तर तिथे जरूर जा. एक अक्षर कळलं नाही तरी गावाचा उत्साह कळतो. बेथेलचाच पीट कैसर २०१९मध्ये इडिटारॉड जिंकला, ती जिंकणारा तो पहिला यूपिक मशर. (मशर म्हणजे स्लेज हाकणारा.)

इनसायडरमध्ये पैसे भरून मिळतात ते मुख्यतः जीपीएस ट्रॅकर आणि वाटेवरचे व्हिडिओ. वर्गणीचे प्रकार आणि दर हंगामागणिक बदलतात, डॉलरमध्येच भरावे लागतात. कार्डावर परदेशी व्यवहार चालू करून घ्या आणि बँक चलनबदलाचे वरचे पैसे लावते, तेही हिशेबात धरा. व्हिडिओ चांगलेच असतात, पण माझ्या मते खरा ऐवज ट्रॅकर आहे. तो वाचता मात्र आला पाहिजे.

पहिली गोष्ट, सुरुवातीच्या तीन-चार दिवसांत ट्रॅकरवरच्या क्रमांकाला काही अर्थ नसतो. संघ दोन-दोन मिनिटांच्या अंतराने सुटतात. हा फरक नंतर प्रत्येकाच्या २४ तासांच्या सक्तीच्या विश्रांतीत भरून काढतात. ती विश्रांती कुठे घ्यायची ते मशर ठरवतो. त्यामुळे एखादा दहावा दिसतो, पण त्याची विश्रांती आटोपलेली असते. पहिला दिसणाऱ्याची अजून बाकी असते. शिवाय युकॉन नदीवर आठ तास आणि व्हाइट माउंटन या चेकपॉइंटला आठ तास थांबावंच लागतं. व्हाइट माउंटनहून नोम ७७ मैल, म्हणजे सव्वाशे किलोमीटर राहतं. तिथून निघालेल्या क्रमवारीवर मात्र विश्वास ठेवा, बहुतेक वेळा तीच टिकते.

२०२४ची शर्यत हे सगळं समजून घ्यायला उत्तम. डॅलस सीव्ही या मशरच्या संघावर वाटेत मूस (सांबरासारखं प्रचंड हरीण) चालून आला. डॅलसने तो गोळी घालून मारला. एक कुत्री जखमी झाली, तिला विमानाने अँकरेजला पाठवलं. मारलेल्या जनावराचं मांस वाया जाऊ नये म्हणून पोट नीट साफ करून मगच पुढे जायचं असा नियम आहे. ते काम पुरतं केलं नाही म्हणून त्याला दोन तासांचा दंड झाला आणि ते दोन तास त्याच्या २४ तासांच्या विश्रांतीला जोडले गेले. तक्त्यावर तो मागे पडलेला दिसत होता. पण त्याची कुत्री दोन तास जास्त झोपली होती. पुढे तोच जिंकला, सहाव्यांदा. सहा वेळा जिंकणारा दुसरा कोणी नाही.

दुसरी गोष्ट, वेगापेक्षा वेगातलं सातत्य बघा. चांगला संघ सहा तास धावतो, चार-पाच तास थांबतो, पुन्हा धावतो. ताशी १३-१४ किलोमीटरने निघालेला संघ पाचव्या दिवशीही बाराच्या आसपास असेल तर कुत्री उत्तम आहेत असं समजा. एका टप्प्यात वेग मोठा आणि पुढच्या टप्प्यात एकदम खाली आला, तर मशरने विश्रांती चोरली. हे मी दरवर्षी कागदावर उतरवून काढते: धाव, थांबा, धाव, थांबा. ट्रॅकर 'थांबला' एवढंच सांगतो. त्या थांब्यात कुत्री गवताच्या काडावर मुटकुळं करून झोपली की उभीच राहिली, ते व्हिडिओत शोधावं लागतं.

तिसरी गोष्ट तक्त्यातल्या कुत्र्यांच्या आकड्याची. जास्तीत जास्त १६ कुत्री घेऊन सुटता येतं आणि नोमला पोहोचताना किमान ५ जुंपलेली असावी लागतात. आकडा १६वरून १२वर आला की नवखे प्रेक्षक हबकतात. बहुतेकदा मनगट सुजलंय, खांदा दुखतोय, खाणं कमी झालंय, म्हणून मशरने त्या कुत्र्याला चेकपॉइंटवरच्या पशुवैद्याच्या हाती सोपवलेलं असतं. तिथून त्यांना स्वयंसेवक वैमानिक परत आणतात. माझ्या लेखी वेळेवर कुत्रं मागे ठेवणारा मशर हा चांगला मशर.

पण सगळं गोड नाही आणि ते लपवूही नये. २०२४च्या शर्यतीत तीन कुत्री दगावली. शर्यतीआधी प्रत्येक कुत्र्याचा ईसीजी आणि रक्त तपासलं जातं, शरीरात मायक्रोचिप असते, वाटेत पशुवैद्य हृदय, पाणी, भूक, वजन, फुप्फुसं पाहतात आणि मशरला सोबत ठेवाव्या लागणाऱ्या वहीत नोंद करतात. इतकी काटेकोर नोंद मी आपल्याकडे कुठल्याही शर्यतीत पाहिलेली नाही. तरीही तीन गेली. प्राणीहक्कवाल्यांचा या शर्यतीला विरोध आहे आणि त्यांचं म्हणणं ऐकूनच मी वर्गणी भरते. ज्याला हा प्रश्न टोचत नाही त्याने कुत्र्यांची शर्यत पाहूच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आता केनेलच्या वर्गणीकडे वळते. अलास्कातली कितीतरी केनेल एखादं कुत्रं तुमच्या नावे 'दत्तक' देतात. कुत्रं तिथेच राहतं, तुम्ही खाण्या-औषधाच्या खर्चाला हातभार लावता, ते पत्रं, फोटो, व्हिडिओ पाठवतात. मी ज्यांची सभासद आहे त्यांचं नाव देत नाही. तुम्ही तुमच्या पारखीने निवडा. तिथे एका वेताच्या पिल्लांना एकाच धर्तीची नावं देण्याची पद्धत आहे. माझ्या वाट्याला आली ती मसाल्यांच्या वेतातली क्लोव्ह. दोन वर्षांची, काळपट, एक कान पडका, अंगाने किरकोळ. ही अलास्कन हस्की. मोशी-चाकणच्या फ्लॅटमध्ये एसी लावून ठेवलेले निळ्या डोळ्यांचे सायबेरियन हस्की माझ्या दवाखान्यात उन्हाळ्यात धापा टाकत येतात, त्यांच्याशी हिचं रूप जुळत नाही. अलास्कन हस्की ही ठरीव जात नव्हे. पाय, भूक आणि धावण्याची हौस पाहून पिढ्यान्‌पिढ्या जुळवलेलं ते संकरित कुत्रं. हस्की हवा म्हणणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला मी आता क्लोव्हचे व्हिडिओ दाखवते. हे जनावर कशासाठी घडलंय ते पाहा आणि मग चौथ्या मजल्यावर आणायचं का ते ठरवा.

सप्टेंबरचा पहिला व्हिडिओ मला सगळ्यांत प्रिय. बर्फाचा पत्ता नाही, चिखलाचा रस्ता, कुत्री चारचाकी एटीव्ही ओढतायत. हवा थंड असेल तरच जुंपतात, नाहीतर अंग तापतं. पहिली धाव चार-पाच किलोमीटरची. क्लोव्हला त्यांनी मधल्या जोडीत एका वयस्क कुत्रीच्या शेजारी लावलं होतं. आवाज बंद करून, वेग कमी करून पाहा. पहिल्या मिनिटात क्लोव्ह उड्या मारत ओढते, दोरी एकदा ताणते, एकदा सैल पडते. शेजारची म्हातारी मात्र डोकं खाली घालून एका लयीत दुडकी चालते, तिची दोरी कधी सैल पडत नाही. नोव्हेंबरच्या व्हिडिओत क्लोव्हचीही दोरी तशीच ताठ होती. शिकवायला माणूस लागला नाही, शेजारणीने शिकवलं. गावाकडे नवा गोऱ्हा जुन्या बैलाच्या जोडीला देतात ते काही वेगळं नाही.

डिसेंबरात लांबच्या धावा आणि बाहेर मुक्काम सुरू होतात. शर्यतीत एक कुत्रं दिवसाला दहा हजारांच्या वर कॅलरी जाळतं. धावपळीत तेवढं खायला आधी शिकावं लागतं. क्लोव्ह खाण्यात चोखंदळ निघाली. मी पत्रातून विचारलं, तर केनेलवाल्या बाईंनी तिला काय दिलं, किती सोडलं, कोमट पाण्यात मांस कालवून दिल्यावर किती प्यायली, सगळं लिहून पाठवलं. असं उत्तर मिळालं की समजावं, केनेल खरं आहे.

जानेवारीत ग्लेनॅलनची कॉपर बेसिन ३०० झाली, तिथे क्लोव्ह धावली. फेब्रुवारीत तिचं उजवं मनगट सुजलं आणि इडिटारॉडच्या सोळांतून तिचं नाव निघालं. केनेलने हे कळवायला वेळ लावला, हा माझा एकमेव राग. फेब्रुवारीत चेकपॉइंटवर पाठवायच्या खाण्याच्या पिशव्या भरायच्या असतात, माणसं झोपत नाहीत, हे मान्य. तरी ज्याच्या नावे कुत्रं आहे त्याला दोन ओळी लिहायला हव्या होत्या. मात्र कळवलं तेव्हा सुजेचा फोटो, पशुवैद्याचं मत, विश्रांतीचा बेत, काहीही हातचं राखलं नाही. तिला दामटून नेलं असतं तर मी वर्गणी बंद केली असती.

सभासदांना भेट म्हणून तिने वापरलेली बुटी आली. बुटी म्हणजे कॉर्ड्युरा कापडाचा पायमोजा, वर व्हेल्क्रोची पट्टी. शर्यतीत प्रत्येक कुत्र्यासाठी आठ बुट्या सोबत ठेवणं सक्तीचं आहे. माझ्याकडची पुढच्या पायाची, तळ टाचेकडे शाबूत, बोटांकडे झिजून आरपार गेलेला. म्हणजे क्लोव्ह बोटांनी जमीन उकरत ओढते. व्हिडिओत जे निसटलं होतं ते या चिंधीवर दिसलं. टी-शर्ट वगैरे मागवू नका, टपालखर्चातच जीव जातो.

वेळेचं गणित आधीच घालून ठेवा. मार्चच्या सुरुवातीला अलास्का आपल्या साडेचौदा तास मागे असतं. शनिवारी अँकरेजमध्ये होते ती सुरुवात मिरवणुकीसारखी. खरी सुटका रविवारी विलो गावाहून, तिथल्या दुपारी दोनच्या सुमाराला, म्हणजे आपल्या सोमवारी पहाटे साडेचारला. ही सुटका थेट पाहा. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिथली घड्याळं एक तास पुढे जातात, मग फरक साडेतेरा तासांचा. बर्फ नसला तर मार्गही बदलतो. २०२५मध्ये सुटका फेअरबँक्सला हलवली आणि अंतर ११२८ मैल झालं. ती शर्यत जेसी होम्स जिंकला, आघाडीला पोलर आणि हर्क्युलिस ही कुत्री. दोघांच्या गळ्यात हार घातले तेव्हा ते शांत बसून होते, तो व्हिडिओ चुकवू नका.

वर्गणी कुणाला परवडेल? फक्त शर्यतीचा निकाल हवा असेल तर फुकटचा तक्ता पुरे. घरात आठ-दहा वर्षांचं कुत्रावेडं पोर असेल तर केनेलची वर्गणी आधी, ट्रॅकर नंतर. दोन्ही एकदम जमत नसेल तरी हाच क्रम ठेवा. केनेल निवडताना तीन प्रश्न विचारा: म्हातारी झालेली कुत्री कुठे जातात, मागच्या हंगामात किती कुत्री वाटेत मागे ठेवली आणि का, आणि उन्हाळ्यात कुत्र्यांना किती वेळ मोकळं सोडता. उत्तर ऑगस्ट संपायच्या आत आलं, सविस्तर आलं, तर पैसे भरा. क्लोव्हची सूज एप्रिलमध्ये उतरली आहे. पुढच्या हंगामाचीही वर्गणी मी भरली आहे.