नवीन मॉडेल येण्याआधी जुन्या एडब्ल्यूडीचा सात वर्षांचा रिव्ह्यू

सात वर्षं झाली मी एकच ऑल व्हील ड्राइव्ह (एडब्ल्यूडी, म्हणजे चारही चाकांना इंजिनची ताकद मिळू शकणारी) क्रॉसओव्हर चालवतेय आणि आता तिची नवीन पिढी येणारे. टीझर आलाय, अंधारात एक लाइटची पट्टी चमकते आणि संपतो, तेवढ्यावरच सगळे ग्रिल कसं असेल नि स्क्रीन केवढी असेल याच्या गप्पा मारतायत. मला मात्र गाडीच्या पोटाखाली काय बदललंय ते बघायचंय. म्हणून म्हणलं नवीन यायच्या आधी जुनीचा खराखुरा रिव्ह्यू लिहून टाकावा, कारण पुढच्या गाडीत काय हवं ते हिनं कुठं साथ दिली आणि कुठं हात टेकले यावरूनच कळतं. नाव देत नाही, असली सिस्टीम असलेल्या गाड्या ढीगभर आहेत आणि दुखणं साधारण सगळ्यांचं सारखंच आहे.

चांगलं आधी सांगते. ओल्या रस्त्यावर ही गाडी म्हणजे निर्धास्त काम. बाजूच्या रस्त्यावरून पटकन मोठ्या रस्त्याला लागायचं असतं तेव्हा फक्त पुढच्या चाकांवर चालणारी गाडी चाकं घसरवते आणि स्टिअरिंग हातात वळवळतं, तिथं ही मागून कुणीतरी हात लावल्यासारखी सरळ निघते. खडी, भिजलेलं गवत, पार्किंगमधला निसरडा उतार, कधी विचारच करावा लागला नाही. एवढं एक लक्षात ठेवायचं की चार चाकांना ताकद मिळते ती निघायला, थांबायला नाही, ब्रेक मारल्यावर सगळी भिस्त टायरवरच असते. बाकी या गाडीवर माझा जीव आहे आणि म्हणूनच पुढचं लिहिताना वाईट वाटतंय.

एक कच्चा चढ होता, रात्रभर पाऊस पडून गेलेला, मधोमध पाण्यानं चर कापलेली. डावं पुढचं चाक चरीत उतरलं आणि उजवं मागचं जवळजवळ अधांतरी. ॲक्सिलरेटर हळू दाबला तर आधी पुढचं चाक जागच्या जागी फिरलं, चिखल थेट काचेवर आला, आणि मग मागून खट्ट असा आवाज होऊन मागची चाकं जागी झाली, पण तोवर पुढचं चाक चार बोटं आणखी रुतलेलं. तीनदा हेच. चौथ्या वेळी मीटरमध्ये मेसेज आला, एडब्ल्यूडी गरम झालंय, तात्पुरतं बंद. ऐन चढावर, जेव्हा सगळ्यात जास्त गरज होती तेव्हा. तापलेल्या तेलाचा उग्र वास येत होता, बराच वेळ तशीच उभी राहिले आणि मग इंच इंच करत गाडी उलटी खाली उतरवली.

असं का होतं तर या गाड्यांमध्ये मागच्या डिफरन्शियलच्या (दोन्ही मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरच्या पेटीच्या) आधी एक कपलिंग असतं, आत तेलात बुडालेल्या क्लच प्लेट्स. एरवी त्या सैल असतात, कॉम्प्युटरनं दाबल्या की ताकद मागं जाते आणि घसरत राहिल्या की तापतात. १९९८ च्या ऑडी टीटीमध्ये हॅल्डेक्स कंपनीचं असं कपलिंग आलं तेव्हापासून आडव्या इंजिनच्या कितीतरी गाड्यांनी हाच रस्ता धरला. सुरुवातीच्या हॅल्डेक्समध्ये पुढच्या नि मागच्या चाकांच्या वेगात फरक पडल्याशिवाय प्लेट्स दाबायला तेलाचा प्रेशरच तयार व्हायचा नाही, पुढं इलेक्ट्रिक पंप आला आणि प्रेशर आधीच तयार ठेवता यायला लागला. म्हणजे उपाय कधीचा सापडलाय, तो नीट वापरा एवढंच म्हणणं आहे. चाक घसरल्यावर जागं होऊ नका, मी पाय ठेवला, गाडी चढावर आहे, स्टिअरिंग वळलंय हे सगळं कॉम्प्युटरला माहीत असतं तर प्लेट्स आधीच दाबून ठेवा. कपलिंग थोडं मोठं द्या, दहा मिनिटं झगडलं तरी तापणार नाही असं. आणि कपलिंग पूर्ण दाबून ठेवायचं लॉकचं बटण दाबलं तर ते खरंच लॉक राहू द्या.

कपलिंगवाली सिस्टीम मुळातच लेचीपेची असते असं अजिबात नाही, हे आवर्जून सांगते. टोयोटाच्या २०२० च्या जीआर यारिसमध्येही मल्टीप्लेट कपलिंगच आहे, पण पुढच्या मागच्या गिअर रेशोत किंचित फरक ठेवून त्यांनी मागच्या चाकांकडे ७० टक्क्यांपर्यंत ताकद जाईल अशी सोय केली, एरवी असलं कपलिंग पूर्ण लॉक झालं तरी चारही चाकांची पकड सारखी असताना वाटणी साधारण निम्म्या निम्म्याच्या पुढं जात नाही. मन लावून केलं तर होतं. १९८० च्या पहिल्या ऑडी क्वाट्रोसारखं कायम चारही चाकांवर चालणारं आणि हातानं लॉक करायचं सेंटर डिफरन्शियल (पुढच्या नि मागच्या चाकांत ताकद वाटणारं) मी मागत नाहीये, वजन आणि इंधनाचा हिशोब मलाही कळतो.

दुसरं दुखणं टायरचं. एका टायरची साइडवॉल फाटली, एकच नवीन टाकावा म्हणलं तर सर्व्हिसवाले म्हणाले चारही बदला. आधी राग आला पण कारण बरोबर होतं, नवीन टायरचा घेर झिजलेल्यापेक्षा जास्त, म्हणून चाकं वेगवेगळ्या स्पीडनं फिरणार आणि सरळ रस्त्यावरसुद्धा कपलिंगला उगाच काम. मग मला सांगा, असल्या गाडीत स्टेपनी म्हणून लहान घेराचं बारीक चाक का देता? ज्या गाडीला चारही चाकं सारखी लागतात तिलाच पाचवं वेगळं. नव्यात फुल साइझ स्टेपनी हवी, डिकी थोडी उथळ झाली तरी चालेल.

स्क्रीनबद्दल जास्त लिहीत नाही. चिखलाच्या बोटानं, गाडी हिंदकळत असताना तीन मेनू खाली जाऊन ड्राइव्ह मोड शोधणं हा वेडेपणा आहे. सुबारूनं २०२६ च्या आउटबॅकमध्ये एसीची खरी बटणं परत आणली तेव्हा मला फार बरं वाटलं, त्या गाडीच्या चौकोनी नव्या रूपावर लोक कितीही भांडले तरी. आमच्या गाडीतही तेच व्हावं, आणि मोडसाठी हाताला न बघता सापडेल असा गोल नॉब.

हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक होणार असेल तर माझी काही तक्रार नाही, उलट आशा तिथंच जास्त आहे. मागच्या चाकांना स्वतंत्र मोटर दिली की पुढून मागं ताकद नेणारा लांब प्रोपेलर शाफ्ट नको, क्लच प्लेट्स नकोत, आणि मोटर इतक्या झटपट ताकद देते की जागं व्हायची वाट बघायचा प्रश्नच राहत नाही. फक्त मागची मोटर नावापुरती बसवू नका, पुढचं चाक चरीत अडकलं तर एकट्या मागच्या चाकांनी गाडी ढकलून वर काढली पाहिजे. आणि बॅटरीचं वजन आवरा, चिखलात जड गाडी लवकर बसते.

डब्ल्यूआरएक्स एसटीआय या वेगवान एडब्ल्यूडी गाडीची पुढची पेट्रोल पिढी येणार नाही हे सुबारूनं २०२२ मध्येच सांगितलं, निसानची एडब्ल्यूडी स्पोर्ट्स कार आर३५ जीटीआर २०२५ मध्ये बंद झाली, तो दरारा आमच्या क्रॉसओव्हरकडून कुणी मागत नाही. पण त्या गाड्यांनी चार चाकांत ताकद कशी खेळवायची ते दाखवून दिलंय, त्यातलं थोडं तरी रोजच्या गाडीत उतरावं असं मनापासून वाटतं.

टेस्ट ड्राइव्ह मिळाली की शोरूमभोवती चक्कर मारणार नाही, परवानगी काढून त्याच चढावर नेणार. डावं चाक त्याच चरीत उतरवायचं, थांबायचं, काच खाली करून हळूच पाय द्यायचा आणि मागून तो खट्ट आवाज येतो का ते ऐकायचं.