नौपाड्यातील पेटीदुरुस्ती आणि काळी चारचा गंधार

वडिलांची पेटी, म्हणजे हार्मोनियम, नऊ वर्षे ठाण्यातील आमच्या वर्तकनगरच्या घरात माळ्यावर पडून होती. निवृत्तीनंतर ती खाली काढली तेव्हा भाता मारला की हवा सुरांपर्यंत पोहोचण्याआधीच घड्यांमधून निघून जात होती, मध्य सप्तकातली एक काळी पट्टी दाबली की दाबलेलीच राहत होती आणि दोन सूर कोणी हात न लावताही बोलत होते. एका मोठ्या दुकानात पेटी न उघडताच मला सांगण्यात आले की दुरुस्तीचा खर्च वाया जाईल, त्यापेक्षा नवा कीबोर्ड घ्यावा. तो सल्ला मनाला फार लागला. पुढे आमच्या भजनी मंडळातील एका ताईंनी नौपाड्यातील, गोखले रोडच्या आतल्या गल्लीतील कारागिरांकडे जाण्यास सुचवले. दुकानाला पाटी नाही. दाराशी रचून ठेवलेल्या पेट्या हीच खूण.

तेथील काकांनी आधी पेटीविषयी नव्हे, माझ्याविषयी विचारले. मी गाते की नुसती वाजवते, रोज किती वेळ बसते आणि माझी पट्टी कोणती? मी रोज सकाळी अर्धा तास, केवळ स्वतःसाठी, काळी चारमध्ये, म्हणजे सप्तकातल्या चौथ्या काळ्या पट्टीला सा मानून, गाते, एवढेच सांगण्यासारखे होते. ना मी कोणत्या परीक्षा दिल्या, ना कधी कोणाची साथ केली. तरीही त्यांनी हे सारे वहीत नीट लिहून घेतले आणि त्यानुसारच काम केले, हे या दुकानाचे मला सर्वांत मोठे वैशिष्ट्य वाटते.

पेटी साडेतीन सप्तकांची, म्हणजे 42 पट्ट्यांची, आणि खर्ज-नर अशी दुहेरी, म्हणजे प्रत्येक पट्टीला एक खालचा आणि एक वरचा सूर असलेली, असल्याने तिच्यात 84 पितळी रीड, म्हणजे हवेने कंप पावून सूर देणाऱ्या पात्या, आहेत. प्रत्येक रीड काढून स्वच्छ करण्यात आली. भात्याच्या घड्यांचे चामडे बदलले. आपोआप बोलणाऱ्या सुरांचे कारण पट्टीखालच्या झिजलेल्या गादीत होते. ती भोक पूर्ण झाकत नसल्याने तेथून हवा जात असे. त्यानंतर सुरू झाले सूर मिळवण्याचे काम, जे काकांनी मला समोर बसवून दाखवले. रीडचे टोक किंचित घासले की सूर चढतो आणि मुळाशी खरवडले की उतरतो. तानपुऱ्याशी ताडून पाहत, पुन्हा दोन फटके घासत, ते एका सुरावर दहा-दहा मिनिटे थांबत होते.

येथे गंधाराविषयी, म्हणजे सरगममधल्या ‘ग’विषयी, लिहिणे आवश्यक आहे. पेटी सामान्यतः समान अंतराच्या बारा स्वरांत मिळवतात आणि त्यामुळे तिचा शुद्ध गंधार तानपुऱ्याच्या खर्जातून ऐकू येणाऱ्या स्वयंभू गंधारापेक्षा सुमारे 14 सेंट (पेटीवरच्या दोन लगतच्या स्वरांतील अंतराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट) चढा राहतो. असे किंचित सरकलेले स्वर, आणि मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणे, काढता न येणे, हे पेटीवरचे जुने आक्षेप आहेत. 1940 साली आकाशवाणीने तिला दूर केले आणि ती संपूर्ण बंदी थेट 1971 पर्यंत टिकली. काकांनी माझ्या काळी चारला षड्ज मानून त्या हिशेबाने गंधार उतरवून दिला. इतर पट्ट्यांत गाणाऱ्याला ही पेटी थोडी खटकेल, याची कल्पनाही त्यांनी आधीच दिली होती. शेजारचा मुलगा गणपतीत आरतीला पांढरी एकमध्ये सुरुवात करतो तेव्हा ते मला जाणवते. परंतु सकाळी भूप राग गाताना तानपुरा ॲपच्या जोडीला तो गंधार लागतो आणि दोन्ही सूर एकमेकांत विरघळतात, तेव्हा मी पुढचा स्वर घेण्याचेही विसरते. गडकरी रंगायतन नाट्यगृहातील, गायक पं. राम मराठे यांच्या स्मृती समारोहाहून परतल्यावर वडील रात्री उशिरापर्यंत एकच स्वर का धरून बसत, हे मला आता समजते. दूधवाला येण्यापूर्वीचा तो अर्धा तास, उघड्या खिडकीतून येणारा ओल्या मातीचा वास आणि स्वयंपाकघरात आधण येईपर्यंत ह्यांचे मधूनच दाराशी येऊन उभे राहणे, एवढ्यावर माझा दिवस चांगला जातो.

आता उणिवा. तीन आठवडे सांगितलेल्या कामाला साडेपाच आठवडे लागले आणि मधल्या काळात दोनदा हेलपाटा पडला. दुकान पहिल्या मजल्यावर आहे आणि जिना अरुंद आहे, त्यामुळे जड पेटी असल्यास सोबत कोणीतरी असावे. मला एकूण सहा हजार आठशे रुपये खर्च आला. ही रक्कम लहान नाही, पण कोणता भाग बदलला आणि कोणता केवळ दुरुस्त केला हे पावतीवर वेगवेगळे लिहिलेले होते आणि काढलेले जुने चामडेही त्यांनी मला परत दिले. अडकणारी काळी पट्टी पावसाळ्यात लाकूड फुगले की अजूनही थोडी जड होते; ती बाजूने घासून देण्यासाठी त्यांनी दिवाळीनंतर, हवा कोरडी झाल्यावर, विनामूल्य बोलावले आहे.

कोणाला पेटी द्यायची असल्यास आषाढ संपण्याच्या आत द्यावी. श्रावण लागला की भजनी मंडळांच्या पेट्या येऊ लागतात आणि मग गणपतीपूर्वी काम होण्याची खात्री ते देत नाहीत.