सॅटर्न-५ की ईगल : पहिलं अवकाशयान निवडताना

विमानं, रणगाडे, जहाजं करून झाली की प्लास्टिकची मॉडेलं बांधणाऱ्या बहुतेकांची नजर कधी ना कधी अवकाशाकडे वळते. मग प्रश्न जवळपास ठरलेला असतो. सॅटर्न-५ रॉकेट घ्यायचं, की चंद्रावर उतरलेलं ईगल? दोन्ही एकाच मोहिमेची, अपोलो-११ ची. सॅटर्नने १६ जुलै १९६९ रोजी तिघांना घेऊन उड्डाण केलं आणि ईगलने २० जुलैला दोघांना चंद्रावर उतरवलं. पण कामाच्या टेबलावर ही दोन किटं अगदी वेगळ्या स्वभावाची निघतात, आणि ते खोक्यावरच्या चित्रावरून कळत नाही. मी दोन्ही बांधली आहेत. स्केल, गोंद, स्प्रूवरून (भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडून येतात तिच्यावरून) भाग कापणं हे तुम्हाला येतं असं धरून चालतो.

स्पेस शटलचं नाव या चर्चेत हमखास निघतं, म्हणून त्याबद्दल थोडक्यात. शटल सुंदर आहे आणि विमानावरून येणाऱ्याला ओळखीचंही वाटतं. पण पोटाखालच्या काळ्या टाइल्स आणि पंखांच्या कडांवरची करडी पट्टी यांच्या सीमारेषा आखण्यातच बराच वेळ जातो. बाहेरच्या टाकीसह पूर्ण संच घेतलात तर कुठलं उड्डाण दाखवायचं ते आधीच ठरवा. पहिल्या दोन उड्डाणांत ती टाकी पांढरी रंगवलेली होती. तिसऱ्यापासून वजन वाचवायला रंग काढून टाकला आणि ओळखीचा नारिंगी-तपकिरी फोम उघडा राहिला. दुसरं किंवा तिसरं किट म्हणून शटल जरूर घ्या. लेगोचं सॅटर्नही आहे, मुद्दाम १९६९ तुकड्यांचं आणि जवळजवळ एक मीटर उंच. रंग-गोंदाचा व्याप नको असेल तर ते उत्तम, पण तो आनंद वेगळ्या जातीचा आहे. इथे प्लास्टिकच्या किटांविषयीच बोलू.

आधी जागेचं बघू, कारण आपल्या घरांत पहिला अडसर तोच असतो. खरं सॅटर्न ११०.६ मीटर उंच. १:१४४ मध्ये, म्हणजे खऱ्याच्या १४४ व्या भागाएवढ्या मापात, ते सुमारे ७७ सेंटिमीटर होतं आणि १:९६ मध्ये ११५ सेंटिमीटर, म्हणजे पहिलीतल्या मुलाएवढं. हॉलमधल्या शोकेसच्या कप्प्यात यातलं कुठलंच उभं मावत नाही. आडवं ठेवलं तर रॉकेट ठेवल्यासारखं वाटत नाही. उघड्यावर ठेवलं तर धूळ, पंख्याचा वारा आणि घरातली लहान मुलं या तिन्हींशी रोजची गाठ. ईगल खरं म्हणजे सात मीटर उंच आणि पाय पसरून नऊ-साडेनऊ मीटर रुंद. १:४८ मध्ये ते सुमारे १५ सेंटिमीटर उंच आणि वीसेक सेंटिमीटर रुंद भरतं. पुस्तकांच्या कपाटाचा एक कप्पा रिकामा केला की काम झालं, पुढे काच असली तर फारच छान. १:७२ चं तर तळहातावर बसेल एवढंच होतं.

तरीही जागेमुळे माझं मन सॅटर्नवरून उठलं नाही. ते उठलं सांध्यामुळे.

सॅटर्न म्हणजे शेवटी एक लांबलचक नळकांडं. किटमध्ये नळकांडं बहुधा दोन अर्ध्या भागांत येतं, म्हणजे ते जोडल्यावर दोन्ही बाजूंनी वरपासून खालपर्यंत उभा सांधा. विमानाच्या धडालाही असाच सांधा असतो, पण तिथे तो पाठीवर आणि पोटाखाली जातो आणि पंख, शेपटी, काच यांच्यामुळे नजर भरकटते. रॉकेटला लपायला जागाच नाही. गुळगुळीत, चकचकीत, पांढरा पृष्ठभाग, आणि त्यावर केसाएवढी रेघ राहिली तरी बाजूने येणाऱ्या उजेडात ती दिसते.

मग पुटी भरा, पॉलिशपेपरने घासा, प्रायमर मारा, पुन्हा रेघ दिसली की पुन्हा पुटी. एवढ्यावर भागलं असतं तर तक्रार केली नसती. खरी अडचण अशी की सॅटर्नच्या अंगावर गुळगुळीत टाक्यांच्या मध्ये-मध्ये उभ्या बारीक पन्हळींचे पट्टे आहेत. पहिल्या टप्प्यातल्या दोन टाक्यांच्या मधला भाग आणि टप्पे जोडणारी कडी अशा ठिकाणी बाहेरून मजबुतीच्या पट्ट्या होत्या, आणि किटमध्ये त्या फार देखण्या उतरतात. गुळगुळीत टाकीवरचा सांधा घासताना पॉलिशपेपर इंचभर पुढे सरकला की पन्हळी झिजतात. न घासावं तर सांधा नेमका दोन पन्हळींच्या मधल्या खाचेत जाऊन बसतो आणि ती खाच शेजारच्या खाचांपेक्षा रुंद दिसते. मी पन्हळीच्या भागावर आधी मास्किंग टेपचे दोन थर लावायचो, बांबूच्या काडीला पॉलिशपेपरची पातळ पट्टी चिकटवायचो आणि एकेक खाच वेगळी घासायचो. काम जमतं. पण त्या खाचांपाशी बसून असताना आपण अवकाशयान बांधतोय ही भावना हळूहळू निघून जाते, आणि माझ्या दृष्टीने छंदातली तीच सगळ्यात मोठी किंमत आहे.

मोठ्या १:९६ मध्ये हा प्रश्न वेगळ्या रूपात येतो. तिथे टाक्यांच्या भिंती पातळ सपाट पत्र्यांच्या रूपात येतात, त्या गोल वळवून बसवायच्या. सांधा तिथेही आहेच. फक्त घासायला जाडी कमी.

त्यावर पांढरा रंग. ज्याने चकचकीत पांढरा रंग एकदा तरी मारलाय त्याला यापुढचं सांगायला नको. मुंबई-ठाण्याच्या पावसाळ्यात तर तो विषयच काढू नये. हवेत एवढी ओल असते की लॅकरवर दुधाळ झाक येते. इनॅमल वाळायला इतका वेळ घेतो की तोवर गॅलरीतली सगळी धूळ त्यावर येऊन बसते. माझा अनुभव असा की सॅटर्नचं रंगकाम दिवाळीनंतर काढावं आणि होळीच्या आत संपवावं. पुण्या-नाशिककडच्या मंडळींना कदाचित एवढा त्रास होणार नाही.

काळ्या-पांढऱ्या चौकटींचं प्रकरण मात्र मला मनापासून आवडलं. त्या चौकटी शोभेसाठी नव्हत्या. रॉकेट स्वतःभोवती किती वळतंय हे जमिनीवरच्या कॅमेऱ्यांना कळावं म्हणून ती रचना होती. इथे एक गोष्ट नीट तपासा. बऱ्याच किटांचे साचे जुने आहेत, अपोलो उडत होतं त्या काळातले, आणि त्यांची रंगयोजना ५००-एफ नावाच्या रॉकेटवरून घेतलेली असते. ते उडण्यासाठी नव्हतंच. जोडणी, वाहतूक आणि लाँचपॅड यांची तालीम करायला ते बांधलं होतं आणि मे १९६६ मध्ये फ्लोरिडात पॅडवर नेलं होतं. त्याच्या पहिल्या टप्प्यातल्या दोन टाक्यांच्या मधल्या भागावर काळा रंग होता. तो उन्हात फार तापतो असं दिसल्यावर उड्डाणाच्या रॉकेटांवर तिथे पांढरा आला. त्यामुळे कागदावरच्या सूचना डोळे मिटून पाळल्या तर अपोलो-११ च्या नावाखाली कधीच न उडालेलं रॉकेट तयार होतं. प्रत्यक्ष उड्डाणाचे फोटो समोर ठेवूनच मास्किंग करा. नव्या आवृत्त्यांत डिकल (पाण्यात भिजवून मॉडेलवर चिकटवायची चित्रं-अक्षरं) आणि सूचना पुष्कळ सुधारल्या आहेत, हेही सांगायला हवं.

आता ईगल.

ईगलचा खालचा अर्धा भाग, म्हणजे उतरणीचा टप्पा, सोनेरी चादरीत गुंडाळलेला दिसतो. ते सोनं नाही. कॅप्टन नावाच्या पिवळसर-तांबूस प्लास्टिकच्या पातळ पडद्याला मागून ॲल्युमिनियमचा मुलामा दिलेला असतो, आणि त्या पारदर्शक पिवळ्यातून चमकणारं ॲल्युमिनियम आपल्याला सोनेरी दिसतं. असे अनेक थर एकावर एक लावले होते. ते एकमेकांना जितके कमी टेकतील तितकी उष्णता कमी जाते, म्हणून थर मुद्दाम चुरगळलेले होते. न्यूयॉर्कजवळच्या बेथपेजमध्ये ग्रुमन कंपनीच्या कारागिरांनी हे काम हाताने केलं, टेपने चिकटवून. वॉशिंग्टनच्या नॅशनल एअर अँड स्पेस म्युझियममध्ये जमिनीवरच्या चाचण्यांसाठी वापरलेलं ईगलच्याच जातीचं यान, एलएम-२, ठेवलंय. त्याचे जवळून घेतलेले फोटो बघा. कडा वेड्यावाकड्या, टेपचे तुकडे उघडे दिसणारे, एक कोपरा दुसऱ्यासारखा नाही.

मॉडेल करणाऱ्याला यातून केवढी मोकळीक मिळते! इथे सांधा लपवायचाच नाही, तो चादरीखाली आपोआप जातो. किटच्या प्लास्टिकवरच सुरकुत्या कोरलेल्या असतात, त्यावर सोनेरी रंग मारून भागतं. पण माझं ऐकाल तर तिथे थांबू नका. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत सोल्डरिंगसाठी वापरायची कॅप्टन टेप मिळते, इतर शहरांत थ्रीडी प्रिंटरचं सामान विकणाऱ्यांकडे. स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनियम फॉइलच्या चमकदार बाजूवर ती टेप बुडबुडे न येऊ देता चिकटवायची. मग तो तुकडा मुठीत हलकेच चुरगळायचा, उघडायचा, बोटाच्या पेराने अर्धवट सपाट करायचा. मोठ्या सुरकुत्या राहिल्या तर स्केल बिघडतं, म्हणून दोन-तीनदा चुरगळून त्या बारीक करून घ्यायच्या. नव्या ब्लेडने मापात कापून पाणी घातलेल्या फेव्हिकॉलने बसवायचा आणि कडा टूथपिकने आत दाबायच्या. जे खऱ्या यानावर होतं तेच, त्याच क्रमाने, आपल्या हातात येतं : पुढे पिवळा पडदा, मागे ॲल्युमिनियम. दिव्याखाली यान फिरवलं की एक सुरकुती पेटते, शेजारची विझते. डबीतल्या सोनेरी रंगातून हा उजेड मला तरी कधी मिळाला नाही.

ईगल सोपं आहे असं मात्र समजू नका. चार पाय एका पातळीत टेकवणं हे कसोटीचं काम आहे. एक पाय जरा वर राहिला की यान डगमगतं आणि नंतर काही केल्या ते दुरुस्त होत नाही. मी चारही पाय सुकेपर्यंत काचेच्या तुकड्यावर उभं ठेवलं, तेव्हा बसले. वरच्या टप्प्याच्या कोपऱ्यांवर दिशा बदलणाऱ्या छोट्या इंजिनांचे चार गट असतात, प्रत्येकात चार नळ्या. धूळ पुसताना मोडतात त्या याच. पायांखाली लोंबणाऱ्या लांब बारीक सळ्या, ज्या चंद्राला आधी टेकून अंतराळवीरांना खबर द्यायच्या, त्या अपोलो-११ वर तीनच होत्या. शिडीच्या पायाची काढून टाकलेली होती. खोक्यात चार निघाल्या तर चौथी बाजूला ठेवा. वरच्या टप्प्यावर काळे, करडे, चंदेरी असे निरनिराळे पत्रे आहेत, आणि त्यांच्या छटांवरून जाणकारांतही मतभेद आहेत. तिथे एकाच फोटोवर विसंबू नये.

आपल्याकडे ईगलचा आणखी एक फायदा आहे. २३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान-३ चं विक्रम उतरलं तेव्हापासून चार पायांचं, सोनेरी अंगाचं यान घरी येणाऱ्या कुठल्याही मुलाला परकं वाटत नाही. माझ्याकडे येणारी मुलं आधी "हे विक्रम ना?" असंच विचारतात. मग सोनेरी चादर कशासाठी, चार पाय का, आत माणसं कुठे उभी राहायची (ईगलमध्ये खुर्च्या नव्हत्या, दोघे उभ्यानेच उतरले) असं बोलणं लांबत जातं. सॅटर्नपाशी ती बघत राहतात, थक्क होतात, पण प्रश्न कमी येतात.

सॅटर्नवर अन्याय करायचा नाही. खोलीत उभं असलेलं सॅटर्न जो दरारा निर्माण करतं तो ईगलच्या वाट्याला येणार नाही. १९६७ ते १९७३ या काळात तेरा वेळा उडालेलं ते रॉकेट, आणि टोकावरची ती इवलीशी कुपी बघितली की तीन माणसांना चंद्रापर्यंत न्यायला किती इंधन जाळावं लागलं हे एका नजरेत कळतं. कुठलाही आकडा ते काम करत नाही. तुमच्याकडे एअरब्रश असेल, कारचं किंवा प्रवासी विमानाचं चकचकीत फिनिश तुम्हाला जमत असेल आणि घासण्याच्या कामात मन रमत असेल, तर माझी सांध्याची तक्रार तुम्हाला कदाचित क्षुल्लक वाटेल. अशांनी १:१४४ घ्यावं. १:९६ च्या नादी लगेच लागू नये, कारण वाढलेल्या उंचीबरोबर सांध्याची लांबीही वाढते आणि ठेवायची पंचाईतही.

ज्यांच्याकडे रंगाचा स्प्रे-कॅन आणि ब्रश एवढंच आहे, काम गॅलरीत करायचं आहे आणि अवकाशयानाचं पहिलंच किट आहे, त्यांनी माझ्या मते ईगल घ्यावं, आणि शक्यतो १:४८ चं. रेव्हेलचं या मापातलं किट पुष्कळ वर्षं बाजारात येत-जात आलंय. एअरफिक्सचं १:७२ चं बरंच छोटं आहे, खिशाला हलकं, आणि फॉइलचा हात बसवायला चांगलं. पण त्या मापात सुरकुत्या फारच बारीक कराव्या लागतात, म्हणून शक्य असेल तर मोठंच. आयात मालाच्या किमती सारख्या बदलतात, तेव्हा दोन-तीन ठिकाणी विचारून घ्या, आणि ऑर्डर देण्याआधी खोक्यातले डिकल कोणत्या सालचे आहेत हे दुकानदाराला जरूर विचारा. जुन्या साठ्यातले पिवळे पडलेले असतात आणि पाण्यात टाकल्यावर तुकडे होतात.

बांधायला घेतल्यावर एवढं सांभाळा : सूचनापत्रक पाय आधी लावायला सांगत असेल तरी फॉइल आधी बसवून घ्या. पायांचे आडवे दांडे एकदा चिकटले की त्यांच्यामागच्या तिरक्या बाजूंपर्यंत टूथपिकसुद्धा नीट पोहोचत नाही.