130 मिमीची दुर्बीण आणि ‘एकाच एक्स्पोजर’चा धूमकेतू

विक्रीच्या साइटवरून जुनी दुर्बीण घेतली. 70 टक्के आगाऊ, 30 टक्के पार्सल निघताना. म्हणजे खोकं उघडायच्या आत शंभर टक्के गेले. जुन्या दुर्बिणीला आगाऊ छदाम देऊ नका.

जाहिरात अशी: 130 मिमी न्यूटोनियन (आरशाची दुर्बीण), फोकल लेंथ (आरशापासून प्रतिमेपर्यंतचं अंतर) 650 मिमी, मोटरवालं इक्वेटोरियल माउंट, म्हणजे ताऱ्यांमागे फिरणारं स्टँड. पुरावा म्हणून 14 ऑक्टोबर 2024चा त्सुचिनशान-ॲटलास धूमकेतूचा फोटो, ‘एकच एक्स्पोजर, 5 मिनिटं’, म्हणजे शटर एकदाच उघडलेलं.

तिथेच थांबायला हवं होतं. तेव्हा तो धूमकेतू ताऱ्यांमधून दिवसाला 4 अंशांहून जास्त सरकत होता. 4च धरा: मिनिटाला 10 आर्कसेकंद (अंशाचा 3600वा भाग), 5 मिनिटांत 50. 650 फोकल लेंथला 4 मायक्रॉनचा पिक्सेल सुमारे सव्वा आर्कसेकंदाचा. माउंट ताऱ्यांमागे नीट फिरत असेल, तर धूमकेतूचं डोकं 40 पिक्सेल फरफटलेलं हवं. फोटोत तारेही टाचणीच्या टोकाएवढे, डोकंही नेमकं. 20-30 सेकंदांच्या ढीगभर फ्रेम दोनदा स्टॅक केल्या (एकावर एक रचून एक केल्या), एकदा ताऱ्यांवर आणि एकदा डोक्यावर, तरच असं जमतं. एका एक्स्पोजरमध्ये नाही. फोटो उचललेला होता. हे गणित मला झोपेतही येतं! पण नवा धूमकेतू आठवड्याभरात अंधुक होणार होता आणि अशा घाईत भलेभले फसतात. मूळ रॉ फाइल (कॅमेऱ्यातून निघालेली, न बदललेली) मागा. टाळाटाळ झाली की विषय संपला.

आलेली नळी जेमतेम 45 सेंटिमीटर. साध्या न्यूटोनियनची नळी साधारण फोकल लेंथएवढी असते. ही बर्ड-जोन्स निघाली: फोकसरमध्ये (फोकस जुळवायला आत-बाहेर सरकणाऱ्या नळीत) भिंग कोंबून फोकल लेंथ 1000 मिमी केलेली. डीएसएलआरचा सेन्सर टी-रिंगच्या (कॅमेरा दुर्बिणीला जोडणाऱ्या कडीच्या) तोंडापासून 55 मिमी मागे बसतो. त्यामुळे फोकसर पार आत ढकलला तरी सेन्सर फोकसच्या मागेच राहतो, तारा भाकरीएवढाच. मोटर गुणगुणते, अक्ष ढिम्म, मोटरची फिरकी अक्षाला देणाऱ्या वर्म गिअरचे दात झिजलेले. जाहिरातीतल्या फोटोतही नळी एवढीच होती, शेजारी खुर्ची होती, अंदाज सहज आला असता. नळीला टेप लावून फोटो मागवा. एक तारा 10 मिनिटं आयपीसच्या (डोळा लावायच्या भिंगाच्या) मध्यावर टिकल्याचा सलग व्हिडिओही.

तक्रार? पोलीस ठाण्यात पहिल्या टेबलावर, “वस्तू मिळाली ना? मग फसवणूक कसली?” दुसऱ्यावर फोकल लेंथ समजावली, तर म्हणे दिवाणी बाब. बँक म्हणते पैसे तुम्हीच पाठवलेत. विक्रीच्या साइटवर मुदत 7 दिवसांची, आणि ढगांमुळे पहिला तारा दिसला नवव्या रात्री. पुन्हा अर्ज केला, नळीची मापं आणि जाहिरातीतले दोन्ही फोटो जोडले. तीन आठवड्यांनी शेरा आला: ‘अर्जदारास दुर्बीण प्राप्त. प्रकरण निकाली.’