वेव्हरची तीन वर्षं: मॅकडॉवेल की फिनी?

अमेरिकेत जे-वन व्हिसावर रेसिडेन्सी (हॉस्पिटलमधलं प्रशिक्षण) संपवणाऱ्या डॉक्टरांवर दोन वर्षांसाठी भारतात परत जायची अट असते. त्यातून सूट, म्हणजे वेव्हर, हवी असेल तर बहुतेक वेळा वाट एकच उरते: डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात तीन वर्षं काम. ही सूट देणाऱ्या कॉनरॅड योजनेत प्रत्येक राज्याला वर्षाला 30 जागा. माझ्या भाचीसमोर सध्या दोन काउंट्या (आपल्या जिल्ह्यांसारख्या) आहेत, वेस्ट व्हर्जिनियातली मॅकडॉवेल आणि कॅन्ससमधली फिनी. ती इंटर्निस्ट, म्हणजे मोठ्या माणसांची फिजिशियन आहे, नवरा आयटीत, मुलगी दोन वर्षांची. जनगणनेचे आकडे घेऊन आम्ही दोन रविवार बसलो. त्यातलं जे इतरांच्याही उपयोगी पडेल, ते लिहितोय.

आधी लोकसंख्या. मॅकडॉवेलमध्ये 1950 साली 98,887 माणसं होती, 2020 मध्ये 19,111. कोळसा काढायला यंत्रं आली, मग खाणीच बंद पडत गेल्या आणि तरुण बाहेर पडले. फिनीत उलटं. तिथल्या होल्कम गावाजवळ 1980 च्या अखेरीस प्रचंड मोठा बीफ कारखाना सुरू झाला आणि दहा वर्षांत काउंटी 24 हजारांवरून 33 हजारांवर गेली. 2020 मध्ये 38,470. त्यात निम्म्याच्या आसपास लॅटिनो, शिवाय व्हिएतनामी, सोमाली, बर्मी कुटुंबं.

घनतेचा आकडा मात्र फसवतो. चौरस किलोमीटरला मॅकडॉवेलमध्ये सुमारे 14 माणसं, फिनीत 11. म्हणजे फिनी जास्त ओसाड, असं भाचीला वाटलं. पण फिनीतले चारातले जवळजवळ तीन जण एकट्या गार्डन सिटीत राहतात. तिथे शाळा, दुकानं, हॉस्पिटल हाताशी आहे, डलासला विमान जातं. मॅकडॉवेलचं मुख्य गाव वेल्च, तिथे जेमतेम साडेतीन हजार माणसं. बाकीची वस्ती डोंगरांमधल्या अरुंद घळींत लांबच लांब पसरलेली. ओढा, रूळ, रस्ता आणि घरं सगळं एकाच पट्टीत, त्यामुळे पूर आला की सगळ्यांना एकदमच गाठतो. फेब्रुवारी 2025 मध्ये तेच झालं. नळाच्या पाण्यावर भरवसा नाही म्हणून रस्त्याकडेला डोंगरातून आलेल्या पाइपाखाली कॅन भरणारी माणसं तिथे आजही दिसतात. किम्बलचं वॉलमार्ट 2016 मध्ये बंद झालं, तेव्हा काउंटीतलं किराण्याचं मोठं दुकान गेलं आणि नोकऱ्याही गेल्या.

उत्पन्नात फिनीचं मधलं कुटुंब मॅकडॉवेलच्या दुपटीपुढे आहे. मॅकडॉवेलमध्ये साधारण तिसरा माणूस दारिद्र्यरेषेखाली. पण डॉक्टरने याहून जास्त वेळ आयुर्मानाच्या आकड्यावर थांबावं. 2010 च्या सुमारास मॅकडॉवेलच्या पुरुषांचं सरासरी आयुष्य 64 वर्षं होतं, देशातल्या सगळ्यात कमी आकड्यांपैकी एक. मधुमेह, हृदयरोग, ओपिऑइडचे (अफूच्या जातीच्या औषधांचे) ओव्हरडोस आणि काळं फुफ्फुस, म्हणजे खाणीतल्या धुळीने होणारा फुफ्फुसाचा रोग. या शेवटच्या रोगाबद्दल 2018 चा सरकारी अभ्यास आहे: मध्य ॲपलेशिया या डोंगराळ कोळसापट्ट्यातल्या (मॅकडॉवेल त्यातच येते), 25 वर्षांहून जास्त काम केलेल्या खाणकामगारांत पाचातल्या एकाला तो निघाला. कोळशाचे थर पातळ झालेत, त्यामुळे सोबत खडकही कापावा लागतो आणि सिलिकाची धूळ छातीत जाते. क्लिनिकमध्ये समोर बसलेला माणूस अर्धं वाक्य बोलून श्वास घ्यायला थांबेल, त्याला पूर्ण बोलू देण्याएवढा वेळ तुमच्याकडे हवा.

फिनीत दुखणी वेगळी. कत्तलखान्याच्या लाइनवर तीच हालचाल दिवसभर करून खांदे-मनगटं गेलेली माणसं, तरुण आया, आणि प्रत्येक भेटीत दुभाषी. वारा गुरांच्या फीडलॉटकडून (कत्तलीआधी गुरं पोसतात त्या गोठ्यांकडून) आला की गावभर वास येतो, त्याची तयारी ठेवावी. 2016 मध्ये सोमाली कुटुंबं राहत होती ती इमारत बॉम्बने उडवण्याचा कट उघड झाला. तो वेळीच पकडला गेला आणि तिघांना शिक्षा झाली. हे मी भाचीपासून लपवलं नाही. पण कोथिंबीर, हिरव्या मिरच्या, तांदूळ गावातच मिळतील आणि मुलीच्या वर्गात परक्या नावाचं एकटं मूल ती नसेल, हेही तितकंच खरं.

नवऱ्याचा प्रश्न दोन्हीकडे सारखाच बिकट. एच-फोरवर (नोकरदाराच्या जोडीदाराच्या व्हिसावर) गेला की वर्क परमिट मिळेपर्यंत त्याला घरबसल्यासुद्धा नोकरी करता येणार नाही. मग दिवसभर घरी बसलेल्या माणसाला पायी जाता येईल असं एखादं वाचनालय, बाग, चार ओळखी लागतात. गार्डन सिटीत ते आहे.

म्हणून लहान मूल असलेल्या जोडप्याला मी फिनीच सांगेन, आणि भाचीलाही तेच सांगितलं. एकटा डॉक्टर असेल, फुफ्फुसांच्या आजारात किंवा व्यसनमुक्तीत रस असेल, तर मॅकडॉवेलमध्ये तो तीन वर्षांत जे शिकेल आणि ज्यांच्या उपयोगी पडेल, ते मोठ्या शहरात होणं कठीण. भाचीचं मन अजून तिकडे ओढ घेतं. तिला एवढंच म्हणालो, की सही करण्याआधी दोन्ही ठिकाणी एकदा गाडीने जा, फेब्रुवारीत जा, आणि रात्रीची ऑन-कॉल ड्युटी तुझ्याशिवाय आणखी किती जण घेतात ते करारात लिहून घे.